नळजोड : कमोडच्या बुडाशी पाणी येतंय

पावसाळा तोंडावर आला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत गच्चीचे आणि भिंतींच्या ओलीचे प्रश्न वाढतात. या वेळी मात्र कमोडच्या बुडाशी येणाऱ्या पाण्याबद्दल इतक्या जणांनी विचारलंय की अख्खं सदर त्यालाच देतोय. पहिल्या पत्राला सविस्तर उत्तर दिलंय, कारण त्यातली गोष्ट आजकाल घरोघरी घडते आहे. बाकीच्यांनीही ते वाचावं, म्हणजे मला पुन्हा पुन्हा तेच लिहावं लागणार नाही.

प्रश्न : आमची इमारत डोंबिवली पूर्वेला आहे, पंचवीसेक वर्षं जुनी. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. गेल्या दिवाळीआधी बाथरूमचं काम काढलं. तोडफोड नको म्हणून भिंतीवर आणि जमिनीवर जुन्या टाइल्सवरच नव्या टाइल्स बसवल्या आणि जुना कमोड काढून नवा वन-पीस कमोड बसवला. संक्रांतीच्या सुमारास कमोडभोवती पाणी दिसायला लागलं. ज्याने बसवला त्यानेच येऊन पांढरं सिमेंट भरलं. महिनाभर बरं होतं, मग पुन्हा तेच. दुसऱ्यांदा त्याने चारी बाजूंनी सिलिकॉन मारलं. आता पाणी दिसत नाही, पण सकाळी दार उघडलं की वास येतो, बारीक करडे किडे भिंतीवर बसलेले असतात, आणि परवा खालच्या वहिनी त्यांच्या छताला डाग आलाय म्हणून वर आल्या. आणखी एका माणसाला बोलावलं, तर तो म्हणतो सगळं बाथरूम फोडून वॉटरप्रूफिंग करा. त्याने सांगितलेला आकडा ऐकून मिस्टरांनी जेवण टाकलं. काय करू?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, आधी मिस्टरांना जेवायला वाढा. बाथरूम फोडायचं नाही. निदान इतक्यात तरी नाही.

सिलिकॉन मारल्यावर पाणी दिसेनासं झालं आणि खालच्या वहिनींच्या छताला डाग आला, हे तुम्ही दोन वेगळ्या तक्रारींसारखं लिहिलंय. माझ्या मते ती एकच तक्रार आहे. कमोड खालून पोकळ असतो. त्याचं मागचं तोंड जमिनीतल्या चार इंची पाइपात उतरतं आणि त्या दोघांच्या मध्ये रबरी ओठ असलेला एक कनेक्टर बसतो. गळती त्या सांध्यात असेल तर पाणी आधी कमोडच्या पोकळीत पसरतं आणि वाट मिळेल तिथून बाहेर येतं. पूर्वी ते पुढून लादीवर येत होतं, म्हणून तुम्हाला दिसत होतं. आता पुढची वाट बंद केली, मग ते खाली जाणारच. जुन्या इमारतींत संडासाखालचा स्लॅब मुद्दाम खोलात टाकलेला असतो आणि वरची जागा विटांचे तुकडे आणि मसाला घालून भरलेली असते. हा भराव पाणी पिऊन घेतो, पोटभर झालं की खालच्या छताकडे सोडतो. गळणारा सांधा आत, आणि सिमेंट-सिलिकॉनचा मारा बाहेर. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, दुसरं काय!

तरीही चोर पकडल्याशिवाय कमोडला हात लावायचा नाही. बुडाशी दिसणारं पाणी तिथूनच आलंय असं कुणी सांगितलं? जेटचा, म्हणजे धुवायच्या फवाऱ्याचा, पाइप रात्रभर थेंब थेंब गळतो, थेंब नळीवरून ओघळून कमोडच्या पायाशी जमतो. अँगल कॉकच्या, म्हणजे टाकीचं पाणी बंद-चालू करायच्या भिंतीतल्या छोट्या नळाच्या, नटाखालून पाझर असतो. टाकीला जाणाऱ्या कनेक्शन पाइपचं वॉशर झिजलेलं असतं. हे सगळं पाणी स्वच्छ, बिनवासाचं, आणि फ्लश करा न करा, येतच राहणारं. म्हणून रात्री निजण्यापूर्वी लादी फडक्याने अगदी कोरडी करा, अँगल कॉक बंद करा, जेटचा वेगळा कॉक असेल तर तोही बंद करा, आणि कमोडभोवती वर्तमानपत्राच्या पट्ट्या अंथरा. सकाळपर्यंत कुणी फ्लश करायचं नाही, आंघोळीचं पाणी सोडायचं नाही. कागद कोरडा राहिला तर दुसऱ्या रात्री तेच करा, पण कॉक चालू ठेवून. त्या रात्री कागद भिजला तर चोर नळाच्या बाजूला आहे, आणि काम वॉशरवर भागतं.

दोन्ही रात्री कोरड्या गेल्या तर रंग आणा. किराणा दुकानात जिलबीत घालायचा केशरी रंग मिळतो, तो पुरे. कमोडमधल्या पाण्यात चांगला गडद कालवा आणि फ्लश करा. असं दोन-तीनदा. तुमच्या बाबतीत एक अडचण आहे: चारी बाजूंनी सिलिकॉन असल्यामुळे रंग बाहेर दिसणार नाही. म्हणून आधी कटरने पुढच्या बाजूचं बोटभर सिलिकॉन कापून काढा. तिथून केशरी पाणी आलं की सांधा गळतो यात शंका उरली नाही. भांड्याला तडा असला तरी रंग येतो, पण नव्या कमोडला तडा असेल तर टॉर्च लावून केसासारखी रेघ बहुधा दिसते. तुमचा कमोड वन-पीस आहे, म्हणजे टाकी आणि भांडं एकसंध. टू-पीस असता तर टाकी आणि भांड्याच्या मधलं जाड वॉशर आणि टाकीच्या बोल्टची रबरं हेही संशयित ठरले असते. तुमच्याकडे ते सांधेच नाहीत.

रंग आलाच नाही, तर बाथरूमच्या लादीवर दोन बादल्या पाणी ओता आणि वाट बघा. धुण्या-आंघोळीचं पाणी कडेच्या फटीतून कमोडखाली शिरतं आणि दोन-चार तासांनी पुढून बाहेर येतं, असंही होतं. मग माणसं फ्लशला दोष देत बसतात.

पण तुमच्या पत्रातला वास आणि ते करडे किडे पाहता मला रंग येणार असंच वाटतं. ते किडे ड्रेनेजच्या पाइपातल्या बुळबुळीत थरात वाढतात. कमोडच्या आतल्या वळणात पाण्याचा जो अडसर असतो तो वास आणि किडे दोन्ही अडवतो. तो अडसर जागेवर असताना ते वर येतात, याचा अर्थ त्यांना अडसराच्या पलीकडे, म्हणजे पाइपाच्या तोंडाशीच वाट मिळाली आहे.

आता मूळ कारण. टाइल्सवर टाइल्स. टाइल आठ-दहा मिलिमीटरची, खाली चिकटवायचा मसाला आणखी थोडा. जमीन अर्धा इंच, कधी पाऊण इंच वर आली. पाइपाचं तोंड मात्र पंचवीस वर्षांपूर्वी जिथे होतं तिथेच, आता लादीच्या खाली बुडालेलं. कनेक्टरचा ओठ पाइपात जेमतेम टेकतो, धरत नाही. हा झाला खालचा हिशोब. भिंतीचा हिशोब बहुतेक जण करतच नाहीत. खाली पाइपात उतरणाऱ्या कमोडला एस-ट्रॅप म्हणतात. तो घेताना टाइल लावलेल्या भिंतीपासून पाइपाच्या मध्यापर्यंतचं अंतर बघावं लागतं. आपल्याकडे चार, नऊ आणि बारा इंची माप चालतं. तुमच्याकडे नऊ इंच असेल तर भिंतीवर टाइल चढल्यावर ते साडेआठच्या आत आलं. नऊ इंची कमोड भिंतीला टेकवून बसवला तर त्याचं तोंड पाइपाच्या मध्यापेक्षा अर्धा इंच पुढे येतं. कनेक्टर वाकडा बसतो, एका बाजूने दाबला जातो, दुसऱ्या बाजूने फट राहते. वरून बघणाऱ्याला सगळं चकाचक.

काम करणाऱ्याला बोलवाल तेव्हा स्वतः उभ्या राहा. कमोड काढायचाच आहे, त्याला दुसरा मार्ग नाही. अँगल कॉक बंद करून फ्लश करा, टाकीतलं आणि भांड्यातलं उरलेलं पाणी मगने आणि स्पंजने काढा. सिलिकॉन कटरने सुटतं; खालचं पांढरं सिमेंट बारीक छिन्नीने, हलक्या हाताने. इथे घाई करणारा माणूस कमोडचा पाय उडवतो. वन-पीस जड असतो, दोघांनी उचलायचा आणि जुन्या गोधडीवर आडवा ठेवायचा. काढल्या काढल्या पाइपाच्या तोंडात फडक्याचा बोळा घाला, त्याला दोरी बांधून. दोरी नसेल तर बोळा पाइपात जातो आणि तो काढायला वेगळा माणूस लागतो. बोळ्यामुळे वास थांबतो, आणि स्क्रू-वॉशर आत पडत नाहीत.

मग जुना कनेक्टर हातात घेऊन बघा. ज्या बाजूने पाणी गळत होतं त्या बाजूला मळाची ओली रेघ असेल, बाकी रबर कोरडं. ती रेघ एकाच बाजूला असेल तर अंतराचा दोष, सगळीकडे असेल तर उंचीचा. कनेक्टर मुळात घातलाच नाही आणि कमोडचं तोंड नुसतं पाइपात ठेवून भोवती सिमेंट थापलं, असंही पुष्कळ ठिकाणी निघतं. तसं निघालं तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

उंची कमी पडत असेल तर पाइप वर आणायचा. जागा असेल तर त्याच मापाचा पीव्हीसी तुकडा सॉल्व्हंटने जोडून तोंड नव्या लादीच्या बरोबरीला आणता येतं. तेवढी जागा नसेल तर लांब गळ्याचा कनेक्टर मिळतो, तो पाइपात खोलवर जातो. अंतर चुकत असेल तर मध्य सरकवलेला कनेक्टर घ्या. या वस्तू काही शे रुपयांत येतात. बाथरूम फोडायच्या आकड्याशी तुलना करून बघा.

बसवण्याआधी कमोड नुसता ठेवून बघायचा, लेव्हल लावायची, भोवती पेन्सिलने रेघ मारायची. डुगडुगत असेल तर प्लास्टिकच्या पातळ पाचरी घालायच्या. सिमेंटचे गोळे घालून लेव्हल करणाऱ्याला थांबवा. रबराला ग्रीस किंवा खोबरेल लावू देऊ नका, तेलाने रबर फुगतं. भांड्यांचा लिक्विड साबण बोटभर चोळला की पुरे. कमोड सरळ खाली दाबायचा, हलवत-फिरवत नाही. स्क्रू आलटूनपालटून, थोडे थोडे. घट्ट लागला की थांबायचं. त्यापुढचा अर्धा फेरा चिनीमातीला तडा देतो.

आणि आता माझा हट्ट. या क्षणी सिलिकॉन मारायचं नाही. आठ-दहा वेळा फ्लश करा, पुन्हा रंग टाका, टॉर्च लावून चारी बाजूंनी बघा, आणि शक्य असेल तर एक रात्र तसंच सोडा. कोरडं राहिलं तर दुसऱ्या दिवशी सिलिकॉन. मिस्त्री म्हणेल, ‘परत यायला वेळ नाही.’ मग सिलिकॉनची नळी आणि गन त्याच्याकडून ठेवून घ्या, मिस्टर मारतील. बुरशी न धरणारं, बाथरूमसाठीचं सिलिकॉन घ्या, पुढून आणि दोन्ही बाजूंनी लावा, मागे अंगठ्याएवढी फट मोकळी ठेवा. तिथे आंघोळीचं पाणी फारसं जात नाही, आणि पुढेमागे सांधा गळलाच तर पाणी वर तुमच्याकडे दिसेल, खालच्या वहिनींच्या छतावर नाही. फटीत कचरा बसतो म्हणून काही इंटिरियरवाल्यांना हे पटत नाही. कचरा फडक्याने निघतो. लावल्यावर चोवीस तास तिथे पाणी नको.

खालच्या वहिनींना सांगा, डाग लगेच जाणार नाही. भरावात साठलेलं पाणी उतरायला काही आठवडे लागतात, पावसाळ्यात आणखी जास्त. आजच त्यांच्या छतावर डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारा आणि तारीख लिहा. डाग रेघेच्या आत आकसत गेला तर काम झालं. पूर्ण सुकल्यावर रंग द्या, त्याआधी दिलात तर पोपडे येतील. कमोड नीट बसवूनही डाग रेघ ओलांडून वाढत राहिला, तर मग नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे लादीवरचं पाणी जाळीतून जिथे उतरतं त्या तोंडाकडे, आणि भिंतीतल्या पाइपांकडे बघू. ट्रॅपचं तोंड फडक्याने घट्ट बंद करून लादीवर पाणी चोवीस तास भरून ठेवा, उंबरठ्याच्या खाली राहील इतकंच. वॉटरप्रूफिंगवाल्या माणसाला त्यानंतर बोलवा.

प्रश्न : आमचा कमोड तळमजल्यावर आहे, सांडपाणी मागे भिंतीतून बाहेर जातं. प्लास्टिकची टाकी भिंतीवर वेगळी टांगलेली आहे. फ्लश केल्यावरच मागून पाणी ठिबकतं, एरवी कोरडं. एम-सील लावून झालं, आठवड्याने पुन्हा सुरू. 
— एक वाचक, कराड

उत्तर : तुमचं दुखणं स्वस्तातलं आहे. टाकीतून येणारा वाकडा फ्लश पाइप कमोडच्या मागच्या भोकात जिथे शिरतो तिथे एक रबरी बूच असतं. ते वाळून कडक झालंय. बोअरचं पाणी असेल तर क्षार बसून आणखी लवकर होतं. पाइप ओढून काढा, बूच बदला, भोकाच्या आतले क्षार पटाशीने खरवडून काढा. नवीन बूच घेताना जुनं दुकानात घेऊन जा, मापं वेगवेगळी असतात. एम-सील कडक होतं, आणि फ्लशच्या दणक्याने तो पाइप दर वेळी किंचित हलतो, म्हणून भेग पडते. तिथे लवचीक वस्तूच हवी. टाकीचे स्क्रू धरणारी भिंतीतली गिट्टी सैल झाली असेल तर तीही बदला. टाकी डुलत राहिली तर नवं बूचही टिकायचं नाही.

प्रश्न : कुडाळजवळ आमचं गावचं घर आहे. कमोड बसवून चार वर्षं झाली. मार्च-एप्रिलमध्ये खडखडीत कोरडा. पण जुलैत मोठा पाऊस लागला की कमोडच्या बुडातून घाण पाणी वर येतं. दोन प्लंबर येऊन गेले, दोघांनी कमोड काढून पुन्हा बसवला. 
— एक वाचक, सिंधुदुर्ग जिल्हा

उत्तर : दोघांनीही घरात बघितलं, अंगणात कुणी बघितलं नाही. तुमचा कमोड बहुधा निर्दोष आहे.

सेप्टिक टँकमधून बाहेर पडणारं पाणी शोषखड्ड्यात जातं आणि खड्ड्याभोवतीची जमीन ते पिते. कोकणात जुलैत जमिनीतलं पाणी इतकं वर येतं की विहिरी काठोकाठ भरतात. त्या दिवसांत जमीन खड्ड्याचं पाणी काय पिणार? उलट बाहेरचंच पाणी खड्ड्यात शिरतं. खड्डा भरला की टाकी तुंबते, टाकी तुंबली की पाइपात पाणी उभं राहतं. कमोडखालचा रबरी सांधा वाहून जाणारं पाणी सांभाळण्यासाठी असतो. सतत उभ्या राहिलेल्या पाण्याचा दाब सोसण्यासाठी तो नसतो, म्हणून पाणी तिथून डोकं काढतं. त्यावर सिमेंट थापून बंद केलंत तर पुढच्या खेपेला ते नहाणीच्या जाळीतून येईल.

खात्री कशी करायची? ऐन पावसात, पाणी येत असताना, टाकी आणि घर यांच्या मधल्या चेंबरचं झाकण उघडा. चेंबर गळ्यापर्यंत भरलेला दिसला तर माझं म्हणणं खरं. चेंबर रिकामा असेल तर पुढे घराच्या आतच दोष, आणि वरचं डोंबिवलीचं उत्तर वाचा.

उपाय सोपे नाहीत, खोटं कशाला सांगू. टाकी किती वर्षांत उपसलेली नाही ते आधी बघा. तळाचा गाळ दोन-तीन वर्षांनी काढावा लागतो, आणि तो मे महिन्यात काढावा. छपराच्या पागोळ्या आणि अंगणाचं पाणी चेंबरकडे वाहत असेल तर चर मारून वळवा. चेंबरचं झाकण जमिनीच्या पातळीला असेल तर बांधकाम वीतभर वर उचला. एवढ्याने पुष्कळ घरं सुटतात. नाहीच भागलं तर शोषखड्डा उंचावर हलवायचा, नाहीतर घराची जागा खोलगट असल्यास कमोडचा ओटा वर घ्यायचा. विहिरीपासून खड्डा लांब ठेवा, हे तुम्हाला सांगायला नको.

आणि टाकीत माणूस उतरवू नका. वास येत नाही, दोन मिनिटांचं काम आहे, असं म्हणून उतरलेली माणसं आतल्या वायूने गुदमरून मेली आहेत, आणि त्यांना काढायला उतरलेलेही. २०१३ च्या कायद्याने असं काम संरक्षक साधनांशिवाय करून घेणं गुन्हा आहे. नगरपंचायतीचा किंवा खासगी उपसा टँकर बोलवा, पाइप टाकून गाळ ओढून नेतील.

प्रश्न : निवृत्तीनंतर मुलाकडे न्यू जर्सीला आलो आहे. इथल्या कमोडच्या बुडाशी रोज थोडं पाणी दिसतं. प्लंबरचे दर ऐकून मी मुलाला म्हटलं, मीच करतो. सांगलीला असताना घरचे नळ मीच दुरुस्त करायचो. इथे काही वेगळं असतं का? 
— एक ज्येष्ठ वाचक

उत्तर : काका, हौस दांडगी आहे. वेगळं असतं, पण न जमण्यासारखं नाही.

सध्या तिकडे उन्हाळा आहे. म्हणून आधी टाकीला हात लावून बघा. दमट दिवसांत टाकीत गार पाणी आलं की चिनीमाती बाहेरून घामेजते, ओघळ खाली येऊन पायाशी साचतो, आणि सगळे समजतात कमोड गळतोय. टाकी कोरडी पुसून बुडाशी कागद ठेवा. टाकी ओली होऊन मग कागद ओला झाला तर गळती नाहीच. फ्लशची टाकी सारखी वाहत असेल तर तेवढी दुरुस्त करा, गार पाणी सतत आत येणं कमी होईल.

खरंच सांधा गळत असेल, तर तिथे आपल्यासारखा कनेक्टर नसतो. जमिनीत फ्लँज नावाची कडी असते, तिच्यात दोन बोल्ट उभे असतात, आणि कमोड व फ्लँज यांच्या मध्ये मेणाची जाड रिंग दाबलेली असते. ती एकदाच दाबायची. कमोड जरा उचलून पुन्हा ठेवलात तरी मेण जागा सोडतं, मग नवीनच रिंग लागते. म्हणून दोन आणून ठेवा. जुनं मेण पुट्टीच्या पात्याने पूर्ण खरवडा. रिंग ठेवा, बोल्ट भोकांत येतील असा कमोड सरळ खाली उतरवा आणि अंगाचा भार देऊन बसवा. यासाठी मुलाला सोबत घ्या, कंबर तुमची आहे. फ्लँज नव्या लादीच्या खाली गेली असेल तर जाड रिंग किंवा फ्लँजवर बसवायचं कडं घ्या. मेणाचा त्रास नको असेल तर रबरी सीलही मिळतात. पुन्हा उचलून ठेवायची वेळ आली तर ते माफ करतात.

एक गोष्ट मात्र आधी तपासा. तिकडची जमीन पुष्कळदा लाकडी फळ्यांची असते. कमोडच्या बाजूला पायाने दाबून बघा. मऊ लागली, दबली, तर खालचं लाकूड कुजलंय. मग मेणाची रिंग बदलून काही होणार नाही आणि ते काम तुमचं-आमचं नाही. त्या वेळी प्लंबरचा दर मुलाला देऊ द्या.

प्रश्न : मी ठाण्यात एका सोसायटीचा सचिव आहे. वरच्या सभासदाच्या संडासातून खाली गळतं. तो म्हणतो खर्च सोसायटीचा, शिवाय बघायला दारही उघडत नाही. 
— एक सचिव

उत्तर : महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत हे स्पष्ट आहे. गच्चीची, पावसाच्या पाण्याची आणि सामाईक पाइपांची गळती संस्थेने बघायची. संडास, सिंक अशा सदनिकेच्या आतल्या गळतीचा खर्च त्या सदनिकाधारकाचा. पूर्वसूचना देऊन आत पाहणी करण्याची तरतूदही आहे. तोंडी भांडू नका, लेखी नोटीस द्या, आणि पाहणीला जाताना जिलबीचा रंग बरोबर न्या. केशरी पाणी खाली उतरलेलं त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं की निम्मा वाद संपतो. फक्त एक बघा: रंग खाली न येता उभ्या सामाईक पाइपाच्या सांध्याशी ओल असेल, तर तो सभासद खरं बोलतोय आणि खर्च तुमचा. जुन्या इमारतीत बिडाचा पाइप असेल तर तो आधी तपासा. माझे वडील त्या सांध्यांत तागाचा दोर ठोकून वर शिसं ओतायचे. त्यातले काही अजून टिकून आहेत, पण पाइपच आतून गंजून जातो.

प्रश्न : कमोडच्या बुडाशी पिवळे डाग पडलेत. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र टाकली तर निघतील का? 
— एक वाचक, नाशिक

उत्तर : दोन्ही एकत्र कधीच नाही. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो. एकानंतर लगेच दुसरं असंही नको. डाग क्षारांचे असतील तर व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं रात्रभर गुंडाळून ठेवा आणि सकाळी घासा. आधी ब्लीचिंग टाकून झालं असेल तर जागा भरपूर पाण्याने धुऊन एक दिवस जाऊ द्या, मगच व्हिनेगर. धुऊनही डाग आठवड्यात त्याच जागी परत आले, तर ते गळतीचे आहेत. वर्तमानपत्राच्या पट्ट्या अंथरायला घ्या.